नॅरोगेजकाका

टिटवाळ्यात आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर एका दारावर पिवळी पाटी आहे. तिच्यावर काळ्या अक्षरांत ‘कुर्डुवाडी जंक्शन’ आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. ही उंची कुर्डुवाडीची नाही. टिटवाळ्याची उंची घेऊन तिच्यात दोन मजले मिळवलेले आहेत. प्रवाशांना चुकीची माहिती देणं गुन्हा आहे, असं आत राहणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं.

दारावर मालकाचं नाव हवं, असं पत्र कमिटीने त्यांना दिलं होतं. उलट टपाली दोन प्रतींत उत्तर आलं, “स्टेशनच्या पाटीवर स्टेशनमास्तरांचं नाव लिहिलेलं आपण कोठे पाहिले असल्यास कळवावे.” कमिटीने कळवलं नाही. कुरियरवाला नवा असला की मात्र जिन्यातून फोन करतो, “काका, मी टिटवाळ्यात उभाय, पण तुमचं दार कुर्डुवाडीत दिसतंय.”

सोसायटीत त्यांना सगळे नॅरोगेजकाका म्हणतात. अंगकाठीही तशीच असल्यामुळे नाव दुहेरी बसलं. वय सत्तरीच्या पुढे, खिशाला स्क्रू ड्रायव्हर, आणि कपाळावर एक जादा चष्मा, ज्याचा शोध दिवसातून अनेकदा घरभर चालतो. वडील कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर. त्यामुळे काकांचा जन्म, मुंज, चौथीतली नापासी, सगळं इंजिनाच्या धुरात झालं. मोठं होऊन ड्रायव्हर व्हायचं हे ठरलेलं. पण वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढ्यात आलं आणि त्यातले आकडे काकांना काही दिसेनात. लाल आणि हिरवा यांतला फरक त्यांच्या डोळ्यांनी कधी मान्यच केला नव्हता. मग एका सरकारी खात्याच्या लेखा विभागात त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्लायवूड आणलं.

गंमत अशी की राहायला आले तेही चुकीच्या फाट्यावर. कल्याणला लाइन दुभंगते. एक फाटा कर्जत, पुणे करत कुर्डुवाडी, सोलापूरकडे जातो, दुसरा कसाऱ्याकडे. परवडणारा फ्लॅट मिळाला दुसऱ्यावर. काकांच्या बाल्कनीतून ही लाइन दिसते. पंजाब मेल जाते, पंचवटी जाते, थळ घाट चढायला निघालेल्या मालगाड्या जातात. कसाऱ्याला त्यांना मागून ढकलणारी इंजिनं लागतात, कारण पुढचा चढ 37 फुटांत एक फुटाचा. रेल्वेवेड्या माणसाने अशा बाल्कनीसाठी दोन लाख जास्त मोजले असते. काका तिच्यात कपडे वाळत घालतात. “ती मोठी लाइन. 1676 मिलिमीटर. नुसता बडेजाव हो! त्यात बघायसारखं काय आहे?”

त्यांची लाइन 762 मिलिमीटरची. बार्शी लाइट रेल्वे.

तिचा इतिहास टिटवाळ्याच्या निम्म्या भाविकांना पाठ आहे. कारण असं की टिटवाळ्यात राहणाऱ्या माणसाला स्वतःचे नातेवाईक कमी असले तरी अंगारकीला भरून निघतात. डोंबिवलीचे मावसभाऊ, ठाण्याच्या विहीणबाई, कोणाची तरी लग्न रखडलेली भाची (इथला गणपती लग्नं जुळवतो अशी ख्याती आहे), सगळे रांगेत पाय दुखवून घेतात आणि मग “जरा पाणी पिऊन जाऊ” म्हणून काकांच्या जिन्याला लागतात. उपास चंद्रोदयाला सुटणार. तोवर पाहुणा कुठे जातो? काका दार लावून घेतात आणि कॅलथ्रॉप सुरू करतात.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराबद्दल काका थोरल्या चुलत्याबद्दल बोलावं तसं बोलतात. जीआयपी रेल्वेची मोठी लाइन बार्शीत न शिरता लांबून निघून गेली. कापसाची एवढी मोठी पेठ, पण स्टेशन कुर्डुवाडीला, आणि त्याचं नाव बार्शी रोड. म्हणजे रस्ता दाखवायचा, पोचवायचं नाही. कॅलथ्रॉपने 1895 मध्ये लंडनला कंपनी काढली आणि 1897 ला अडीच फुटी रुळांवर गाडी बार्शीत नेली. त्याचं सगळं शहाणपण एका हिशेबात होतं. इंजिन असो, डबा असो, वाघिण असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च हलका होतो. पुढे 1906 ला गाडी पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. याच कॅलथ्रॉपने विलायतेतही डोंगरात अशीच एक लाइन बांधली. “ती 1934 सालीच बंद पडली,” काका सांगतात. ते ‘पडली’ म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं ते बरं नव्हे. म्हातारपणी कॅलथ्रॉपने अरबी घोडे पाळले आणि विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केलं. “वजन कमी करता करता माणूस शेवटी हवेतच गेला की!” इथे पाहुण्यांनी हसायचं असतं. लग्न रखडलेली भाची हसत नाही, घड्याळ बघते.

1954 च्या जानेवारीत सरकारने ही कंपनी विकत घेतली, हे ते घरात कोणी गेल्यासारखं सांगतात. वास्तविक वडिलांचा पगार त्यानंतरही वेळेवर होत होता. 2008 मध्ये लातूरपर्यंत मोठी लाइन झाली, हे ते सांगतच नाहीत. सोलापूरला जायची वेळ आली तर कुर्डुवाडीच्या अलीकडे डोळे मिटून घेतात. काकू सांगतात, कुर्डुवाडी गेली की मग चहा मागतात.

आता जागेचा प्रश्न. काकांचा फ्लॅट चारशे फुटांचा, त्यात हॉल दहा बाय बारा. कुर्डुवाडी ते बार्शी अंतर सुमारे 35 किलोमीटर. काकांनी प्रमाण धरलं 1 ला 87, कारण 762 ला 87 ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि बाजारात 9 मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. हा भागाकार जमला त्या रात्री काका झोपले नाहीत, असं म्हणतात. पण त्याच 87 ने 35 किलोमीटरला भागलं तर 400 मीटर येतात. म्हणजे बारा डब्यांची लोकल हॉलमध्ये आणून उभी केली तरी बार्शी अजून पुढेच. एवढं अंतर तीन भिंतींवर बसवायचं होतं. सोफ्याच्या वर, छातीच्या उंचीवर, दहा इंच रुंदीची फळी. ती सुरू होते टीव्हीच्या शेजारी, शोकेसच्या पोटातून जाते, बाथरूमचं दार ओलांडते आणि बेडरूममध्ये कपाटावर संपते.

मग काकांनी कुर्डुवाडीची काटछाट केली. या कामात त्यांच्यातला लेखापाल उफाळून आला. पोलीस चौकी गेली. सुया टोचणारा दवाखाना गेला. गणिताच्या मास्तरांचं घर, त्यांच्या गल्लीसकट गेलं. पेरूची बाग मात्र पुरी आहे, झाडं मोजून लावलेली. गोटीसोड्याचं दुकान आहे. वर्कशॉपचं फाटक आहे आणि भोंगा खराच वाजतो, मोबाइलमधून. शाळा फलाटाला इतकी चिकटली आहे की वर्गातली पोरं खिडकीतून हात काढून डब्याला लावतील. “प्रत्यक्षात एवढी जवळ होती?” असं मी विचारलं. “शिट्टी ऐकू यायची ना वर्गात,” काका म्हणाले. एकदा त्यांची नजर चुकवून मी पट्टी लावली. रेल्वे क्वार्टरच्या एका खोलीचं दार वर्कशॉपच्या दारापेक्षा उंच भरलं. 87 चं प्रमाण तिथे साठ-पासष्टवर आलं होतं. हे मी बोलून दाखवलं. काकांनी पट्टी काढून घेतली. “ती आमची खोली आहे. उंबऱ्यावर आई बसायची. वर्कशॉप तिथनं एवढंच दिसायचं.” आणि लगेच, “खरकट्या हातांनी रुळाला हात लावू नका.”

सामान सगळं घरचं. रुळांखालची खडी म्हणजे काळू नदीची वाळू, चहाच्या गाळणीतून चाळलेली, म्हणून त्या घरात चहा जपून प्यावा. टेंडरमधला कोळसा इस्त्रीवाल्याकडचा, खलबत्त्यात कुटलेला. तारेचे खांब केरसुणीच्या हिरांचे. डब्यांच्या काचा काकूंच्या गुडघ्याच्या एक्स-रेमधून कापलेल्या. गाडी उजेडात आली की तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत अस्पष्टसं हाड दिसतं. तारा, दिवे, मोटरचे सुटे भाग यांसाठी ते लोहार चाळीत आणि लॅमिंग्टन रोडला जातात आणि तिथल्या दुकानदारांशी बारा व्होल्टवरून वाद घालून येतात. रंगवायची पाळी आली की बाटल्या काकू हातात देतात, कारण कुठली लाल आणि कुठली हिरवी हे काकांना वासावरून कळत नाही. एकदा काकू माहेरी गेल्या होत्या. काकांनी एकट्याने सगळा माळ रंगवून काढला. परत येऊन बघतात तर गवत मातीच्या रंगाचं. काकूंनी डोक्याला हात लावला. पण सोलापूर जिल्ह्यातले जेवढे पाहुणे आले तेवढे त्या माळासमोर थबकून म्हणाले, “अगदी हुबेहूब!”

कुर्डुवाडीला मोठी लाइन आणि छोटी लाइन शेजारी शेजारी होत्या. त्यामुळे काकांना आपल्या नावडत्या लाइनचाही एक तुकडा करणं भाग होतं. तयार मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. पण तो विलायती मापाचा, 1435 ला 87 ने भागून आलेला. आपले 1676 भागले तर सव्वाएकोणीस येतात. हा फरक पावणेतीन मिलिमीटरचा, आणि तो जगात फक्त काकांना दिसतो. ज्यांना लाल-हिरवा दिसत नाही त्यांना हा कसा दिसतो, हे मला अजून उमगलेलं नाही. त्यांनी आइसक्रीमच्या काड्यांचे स्लीपर कापून फूटभर रूळ हाताने जोडला. त्या फूटभरावर एक वाघिण उभी आहे. ती कुठेही जाऊ शकत नाही, कारण पुढे रूळ नाही. काका तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, “मोठ्या लाइनला एवढं बास.”

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. 1998 सालापासून लोक बघायला जातात. काकाही गेले होते. सगळा खेळ उभ्या उभ्या पाहिला, टाळ्या वाजवल्या, येताना म्हणाले, “फार मोठं काम आहे. अशी माणसं होत नाहीत.” कल्याण येईपर्यंत गप्प. मग म्हणाले, “पण आमच्या लाइनवरचं शेंद्री स्टेशन नाही हो त्यात.”

लाइन बाथरूमचं दार ओलांडते हे मघाशी ओझरतं आलं. ते थोडक्यात उरकण्यासारखं नाही. दारापुढे फळीचा तुकडा बिजागरीवर बसवलेला आहे. बाथरूमला जायचं तर तो उचलावा लागतो, आणि तो उचलला असताना गाडी आली तर बार्शी लाइटचं इंजिन चार फुटांवरून थेट पायपुसण्यावर. असा एक अपघात झाल्यावर काकांनी टोकन पद्धत आणली. एकेरी लाइनवर टोकन ज्याच्या हातात त्याचा सेक्शन, हा रेल्वेचा कायदा. वेताच्या कडीत अडकवलेला टेबलटेनिसचा चेंडू खुंटीला असतो. चेंडू खुंटीला असेल तर पाहुण्याने तो घेऊन आत जावं. नसेल तर गाडी सेक्शनमध्ये आहे, थांबावं. टिटवाळ्याच्या माणसाला फाटकाशी थांबायची सवय असते, पण तिथे निदान बाकीचेही थांबलेले असतात. धाकटे जावई पहिल्यांदा आले तेव्हा हॉलमध्ये मिक्स्ड पॅसेंजर चालू होती. दहाच्या वेगाने चालणारी गाडी, शेंद्रीला इंजिन पाणी घेणार, तिथला थांबा वेळापत्रकात लिहिलेला. जावई भिंतीला टेकून उभे. “पाच मिनिटं,” काका म्हणाले, “लेट सुटली आज.” हल्ली जावई टिटवाळ्याला यायचे तर कल्याण स्टेशनवर सगळं आटोपून येतात.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं त्या काकू. झाडलोट, जाळी-जळमटं यांसाठी त्या रविवारी मेगाब्लॉक घेतात. शनिवारी संध्याकाळी फ्रिजवर कागद लागतो, “देखभालीच्या कामासाठी अप आणि डाउन दोन्ही मार्ग बंद. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी नाही.” काकूंचं माहेर बार्शीचं. लग्नात वऱ्हाड याच गाडीने गेलं आणि याच गाडीने आलं. त्यामुळे काकूंना या उद्योगाचं कौतुक असेल असा लोकांचा समज होतो. तो त्या फार वेळ टिकू देत नाहीत. कारण काकांच्या लाइनवर कुर्डुवाडीत गोटीसोड्याच्या बाटल्यासुद्धा मोजता येतात, आणि दुसऱ्या टोकाला, कपाटावर, बार्शी टाउन म्हणजे बुटांचं एक खोकं आहे. त्याच्यावर ‘नियोजित’ असं लिहिलेलं. कित्येक वर्षं.

“माझं माहेर पस्तीस किलोमीटरवर होतं,” काकू म्हणतात. “यांनी ते बेडरूममध्ये आणलं. आणलं ते खोक्यात.”

बार्शीतलं भगवंताचं देऊळ तरी करा, एवढीच त्यांची मागणी. काका म्हणतात, जागा नाही. काकू म्हणतात, पेरूची चार झाडं काढा. इथे संभाषण थांबतं आणि कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने होतात.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग खालच्या मजल्यावर मूर्तिजापूरचे एक भाऊ राहायला आले. मुलगा कल्याणला नोकरीला, म्हणून निवृत्तीनंतर इकडे. पाटी बघून त्यांनी बेल दाबली, आत आले, लाइन डोळे भरून बघितली आणि म्हणाले, “काहून जी, तुमची गाडी शकुंतलेच्या मापाची दिसून राह्यली!”

झालं. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर या मार्गावरची शकुंतला, तीही अडीच फुटी. तेव्हापासून रोज संध्याकाळी वाद. आमची गाडी किलिक निक्सनची, देश स्वतंत्र झाला तरी कंपनीचीच राह्यली, तुमची सरकारने घेतली, हा भाऊंचा मुद्दा. तुमची गाडी मँचेस्टरला कापूस न्यायची, आमची पंढरीला माणसं न्यायची, हा काकांचा. आमचं इंजिन 1921 सालचं, 1994 पर्यंत एकट्यानं ओढलं, हा भाऊंचा. एकट्यानं का, दुसरं घ्यायला पैसे नव्हते का, हा काकांचा. शेवटी भाऊंनी हुकमाचं पान टाकलं. “हे गाव कोनाचं हाये? कण्वमुनीचा आश्रम कुठं होता म्हन्तात? शकुंतलेनं गनपती कुठं पुजला? टिटवाळा म्हंजे शकुंतलेचं माहेर, भाऊ. बार्शीवाल्याईनं इथं पावन्यासारखं राहावं.”

काकांना यावर उत्तर सुचलं नाही. त्यांनी भाऊंच्या चहात साखर कमी पडेल अशी व्यवस्था केली.

भाऊ मात्र कामाला लागले होते. पावसाळाभर त्यांनी पीव्हीसीच्या शीटमधून शकुंतलेचं इंजिन कापलं, खाली बाजारातली मोटर बसवली आणि एक दिवस रीतसर अर्ज घेऊन वर आले. बार्शी लाइटच्या मार्गावरून गाडी चालवण्याची परवानगी मिळावी. काकांनी अर्ज ठेवून घेतला. मग त्रुटी निघू लागल्या. आधी धुराड्याची उंची, मग चाकांचं माप, मग आसावरचं वजन. भाऊंनी इंजिन काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून दाखवलं. काका म्हणाले, सोलापूर जिल्ह्यात वऱ्हाडी कोळसा चालणार नाही. भाऊंनी वऱ्हाडी शिव्यांची दोनतीन अक्षरं उच्चारली आणि गिळली, कारण काकू चहा घेऊन आल्या होत्या.

भाऊ म्हातारे असले तरी व्यवहाराला पक्के. अर्ज कुठे द्यायचा हे त्यांना त्या चहाच्या वेळी कळलं असावं. पुढच्या अंगारकीला हॉल पाहुण्यांनी भरला होता आणि काकांचा कॅलथ्रॉप नुकताच पॅराशूटपर्यंत आला होता, एवढ्यात भाऊ पिशवी घेऊन थेट बेडरूममध्ये गेले. पिशवीतून निघालं भगवंताचं देऊळ. माउंटबोर्डाचं, वीतभर, कळसासकट. काकूंनी कपाटावरचं खोकं उचललं, आतले बूट काकांच्या उशीवर ठेवले आणि देऊळ मांडलं. मग खुंटीवरचं टोकन काढून भाऊंच्या हातात दिलं.

हॉलमध्ये आम्हाला प्रथम दिसली ती शोकेसमधून बाहेर पडणारी शकुंतला. काका बोलता बोलता थांबले. त्यांची मिक्स्ड पॅसेंजर कुर्डुवाडीला उभी होती.

“कोणाच्या परवानगीनं?” ते ओरडले. “लाइन क्लिअर कोणी दिली?”

“मी,” बेडरूममधून आवाज आला.

बाथरूमच्या दाराशी ठाण्याच्या विहीणबाई केव्हाच्या उभ्या होत्या. त्या हात जोडून बाजूला झाल्या. शकुंतला बिजागरीवरून खडखडत गेली, शेंद्रीला पाणी न घेता गेली, आणि कपाटावर देवळासमोर जाऊन थांबली. लग्न रखडलेली भाची पहिल्यांदाच हसली. काकांनी टेबलाच्या खणातून अपघात नोंदवही काढली, कपाळावरचा चष्मा घरभर शोधला, तो भाचीने डोळ्यांवर ओढून दिला, आणि तांबडे होत लिहायला घेतलं, “विनापरवाना परकीय इंजिन, वेळ सायंकाळी...”

“अहो,” काकू आतून म्हणाल्या, “बार्शीची गाडी आज पहिल्यांदा वेळेवर आली, तेवढंही लिहा त्यात.”